व्हॅनचं लाल तेल

आमच्या व्हॅनला क्लच नव्हता, गिअर ती आपोआप बदलायची. कोल्हापुरात ही गोष्ट लोकांना पटवून द्यावी लागायची. पप्पा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून दाखवायचे, "बघा, दोनच पायडल." समोरचा माणूस वाकून तिसरं शोधायचा आणि सरळ उभा राहिला की म्हणायचा, "मग चढाला काय करताय?"

व्हॅन माझ्याहून वयाने मोठी होती. गोव्याच्या कुठल्याशा हॉटेलने परदेशी पाहुण्यांसाठी ती बाहेरून आणली होती. ते हॉटेल बंद पडलं, मग दोन-तीन हात फिरून ती पप्पांकडे आली. त्याआधी पप्पा साखर कारखान्यातल्या एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. त्या वर्षांबद्दल ते फार बोलत नाहीत. एकदाच, व्हॅन घरी आणली त्या दिवशी, हार घालताना म्हणाले होते, "आता कुणाचं दार उघडायला उभा राहणार न्हाय." व्हॅन गेली असती तर हे वाक्यही गेलं असतं, आणि ते घरात आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यामुळे व्हॅनचा कसलाही नवा आवाज आला की मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर यायची, काही न विचारता उभी राहायची आणि परत आत जायची.

लग्नाचं वऱ्हाड कोकणातून आणताना गगनबावड्याच्या घाटात व्हॅन पहिल्यांदा तापली. मी पुढच्या सीटवर होते. आधी वास आला, करपलेल्या साखरेसारखा, पण त्यात रबर मिसळल्यासारखा. मग इंजिनाचा आवाज वाढत गेला आणि गाडीचा वेग मात्र कमी होत गेला. पप्पा ॲक्सिलरेटर दाबत होते, इंजिन ओरडत होतं आणि व्हॅन जवळजवळ जागेवर होती. मागच्या बायका गाणी म्हणत होत्या. एका वळणावर त्या गप्प झाल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्या एकदम गप्प झाल्या.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सची तेल बघायची काडी ओढून तेल बोटावर घेतलं. या गिअरबॉक्सचं तेल कोकम सरबतासारखं स्वच्छ लाल असायला हवं. त्यांच्या बोटावर होतं ते उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं होतं. त्यांनी ते हुंगलं आणि पप्पांच्या नाकाजवळ धरलं.

"आणि एकदा असं तापलं की संपलं बघा, पावणं. ह्या गिअरबॉक्सचा पार्ट हितं कुणाकडं न्हाय. पुण्यात न्हाय, मुंबईत असंल तर माहीत न्हाय. सरळ भंगार."

"मग घाट सोडायचे काय?" पप्पांनी विचारलं.

"घाट सोडा, न्हायतर कूलर बसवा. एक इंजिनच्या तेलाला, एक गिअरच्या तेलाला. तेल बाहेर फिरवून वाऱ्यावर गार करायचं आणि परत आत सोडायचं. एवढंच काम हाय."

कोल्हापूरच्या गाडीने घाट सोडायचे म्हणजे गाडी दारात लावून ठेवायची. पप्पांनी कूलर मागवायचं ठरवलं.

मी इंग्लिश मीडियमची, म्हणून घरात येणारं सगळं इंग्रजी माझ्या वाट्याला येतं. कूलर मी शोधले, मोबाईलवरून मागवले आणि कुरिअरने खोकं आलं तेव्हा ते मीच उघडलं. आत वहीच्या आकाराच्या दोन काळ्या जाळ्या होत्या, काळ्या रबरी नळ्या, क्लिपा, आणि गिअरच्या तेलाची उष्णता दाखवणारी काट्याची एक छोटी गोल तबकडी. कसं बसवायचं त्याचा एक इंग्रजी कागदही होता. पप्पा म्हणाले, "तू चल संगं. वाचून दाखव."

मला गॅरेजमध्ये जायला आवडत नाही. तिथे प्रत्येक माणूस काम थांबवून बघतो आणि मग थांबवलं नव्हतं असं दाखवतो. मी ओढणी नीट करून टायरच्या ढिगाशेजारच्या स्टुलावर बसले.

"पोरगी कशाला आणलीया, मर्दा?" मिस्त्री म्हणाले.

"वाचायला."

"वाचा मॅडम. आमची शाळा हितंच झाली, नटबोल्टात."

मी एक ओळ वाचायचे, मनात तिचं मराठी करायचे आणि सांगायचे. मिस्त्री "व्हय" म्हणायचे आणि त्यांना जे करायचं होतं तेच करायचे. बहुतेक वेळा ते कागदात होतं तेच असायचं. रेडिएटरच्या पुढे, समोरच्या जाळीच्या मागे, पट्ट्या लावून त्यांनी दोन्ही कूलर शेजारी शेजारी बसवले. नळी कशालाही घासता कामा नये, असं कागदात दोनदा लिहिलं होतं. मी ते दोनदा सांगितलं.

"हात घाला आणि बघा," मिस्त्री म्हणाले.

मी हात घातला. नळ्या मोकळ्या होत्या. पत्र्यापासून, पंख्यापासून, एकमेकींपासून लांब. माझ्या बोटांना नवं रबर गार लागलं. त्यांनी नवीन लाल तेल भरलं, इंजिन चालू केलं आणि आम्ही तिघं खाली वाकून बघत राहिलो. कुठूनही थेंब आला नाही. पप्पांनी तबकडी स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला स्क्रूने बसवून घेतली आणि काचेवर उमटलेला बोटाचा ठसा रुमालाने पुसला.

घरी आल्यावर ते रोज सकाळी खाली वाकून फरशी बघायचे. आमचं घर कळंब्याला, तुरुंगाच्या भिंतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे सकाळी फिरायला येणारी माणसं पप्पांना वाकलेलं बघून विचारायची, "काय सांडलंय?" पप्पा म्हणायचे, "काय न्हाय." त्यांचा आवाज त्या दिवसांत हलका असायचा.

माघातले जोतिबाचे खेटे सुरू झाले होते. गल्लीतली धडधाकट माणसं रविवारी पहाटे चालत डोंगराला जातात. ज्यांच्या गुडघ्यांत जोर नाही, अशा बायका दर वर्षी आमच्या व्हॅनमधून जातात. या वर्षी घाटाच्या धसक्याने पप्पांनी त्यांना आधीच नाही म्हटलं होतं. तरी कूलरचं ऐकून शेजारच्या काकू स्वतःच दारात आल्या.

"व्हॅनला कूलर बसवलाय म्हणं?"

"व्हय की."

"मग आम्हाला मागं वारं लागणार म्हणा! बसतोय आम्ही आठजणी. आणि ही येती का तुमची मॅडम? का देवाला बी इंग्रजीतनं बोलावं लागतंय हिच्या?"

मी हसले. काकूंसमोर हसणं हे सगळ्यात लवकर संपणारं उत्तर असतं.

निघताना मम्मीने व्हॅनला ओवाळलं. पप्पांनी नारळ फोडला. नव्या कामानंतरची पहिली चढण होती, म्हणून लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवलेली तारही आणली होती. एरवी ती बंपरला असते. त्या दिवशी पप्पा म्हणाले, बंपरची पडते, आत पक्की बसेल. समोरच्या जाळीतून दोन बोटं आत घालून त्यांनी तार कशाला तरी गुंडाळली, पिळली आणि ओढून बघितली. मी तेव्हा ताट धरून उभी होते. लिंबू जाळीच्या मधोमध लटकत होतं आणि मला ते छान दिसलं.

वडणग्याच्या पुढे रस्ता चढायला लागतो. मी पप्पांच्या शेजारी, मम्मी मागे काकूंच्या ओळीत. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांची रांग होती, अनवाणी पाय, गुलालाने माखलेली डोकी. चढणीला लागल्यावर तबकडीचा काटा सरकायला लागला. पप्पा रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होते. काटा अर्ध्याच्या वर गेला. त्यांनी ओठ आत घेतले. मागे काकू कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होत्या.

मग काटा थांबला आणि खाली यायला लागला. हळूहळू, पण नक्की. चढ तर वाढत होता.

"बघ," पप्पा म्हणाले. मग मोठ्याने, मागे ऐकू जाईल असं, "बघा! चढाला गार पडतीया गाडी. ह्याला म्हणत्यात कूलर."

"आमाला काय वारं लागंना," काकू म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

मला ते बरोबर वाटलं नाही. का ते सांगता आलं नसतं. इंजिनाचा आवाज गगनबावड्यासारखा झाला नव्हता, वासही नव्हता. फक्त काटा ज्या सहजपणे खाली येत होता, ते कुणीतरी हात सोडल्यासारखं वाटलं. शेवटच्या वळणावर व्हॅनला एक आचका बसला. पप्पा म्हणाले, "खड्डा." मी मागे वळून बघितलं. खड्डा दिसला नाही.

डोंगरावर सगळं गुलाबी होतं. रस्ता, पायऱ्या, गाड्यांचे टप, कुत्री. खोबऱ्याचे तुकडे आणि गुलाल उधळला जात होता आणि "चांगभलं"चा आवाज एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला जात होता. पप्पांनी गाड्यांच्या गर्दीत व्हॅन लावली. कुणीतरी आमच्या बॉनेटवरही मूठभर गुलाल टाकला. मला गर्दीत गुदमरायला होतं, म्हणून मी लांबूनच कळसाला हात जोडले, चपलांपाशी थांबते म्हणाले आणि व्हॅनच्या सावलीत बसले.

तिथे बसल्यावर मला व्हॅनखाली लाल दिसलं.

सगळीकडेच लाल होतं, म्हणून बराच वेळ मी ते बघितलंच नाही. माणसं त्यावर पाय देऊन जात होती. मग लक्षात आलं की बाकीचा गुलाल कोरडा, गुलाबी, वाऱ्याने उडणारा होता. व्हॅनखालचा गडद होता आणि उडत नव्हता. वरून त्यावर आणखी गुलाल पडत होता आणि भिजून गडद होत होता. मी बोट लावलं. गुलाल बोटांच्या रेषांत बसतो. हे घसरलं. हुंगलं तर तोच वास, करपलेल्या साखरेचा. मान खाली घालून बघितलं. पुढच्या बाजूने एक थेंब लोंबत होता. तो पडला आणि दुसरा तयार व्हायला लागला.

सगळे परत आले तेव्हा पप्पांचा चेहराही गुलालाने भरलेला होता, डोळे तेवढे उघडे. मी त्यांच्या जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, "पप्पा, खाली तेल आहे."

"गुलाल हाय त्यो."

"तेल आहे. गिअरचं."

त्यांनी खाली बघितलं, वरवर. बायका एकेक करून आत चढत होत्या. "सगळीकडं तसंच हाय बाळ. बस."

"वास घेऊन बघा," मी बोट पुढे केलं.

"काय म्हणती मॅडम?" काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय न्हाय. गुलालाला भ्याली."

आतून हसू आलं. "आगं, देवाचा गुलाल त्यो! चावतोय व्हय? चढ की वर, उन्हं चढायला लागलीत."

पप्पा ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. त्यांना ऐकू आलं नव्हतं असं नाही. त्यांना आठजणींच्या समोर ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी चावी फिरवली, लिव्हर पुढे जायच्या खुणेवर, डीला टाकला. व्हॅन हलली नाही. इंजिन चालू होतं आणि व्हॅन तशीच उभी. त्यांनी जरा रेस केली. मग मोठा आचका देऊन ती हातभर पुढे आली आणि थांबली. पुढे उतार होता. डोंगर उतरताना पप्पा नेहमी खालच्या गिअरवर उतरतात, म्हणजे गिअरच गाडीला धरून ठेवतो आणि ब्रेकवर भार येत नाही. तो गिअर आता धरत नव्हता, आणि आत आठ बायका व मम्मी होती.

मी दार धरून खालीच उभी राहिले.

"बस," पप्पा म्हणाले.

मी नाही म्हणून मान हलवली. आतल्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी दार सोडलं नाही आणि चढलेही नाही.

"काय तमाशा ह्यो," काकू म्हणाल्या.

तेव्हा मम्मी उठली. ओळीतून वाट काढत, पदर सावरत खाली उतरली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. पप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

ते खाली आले. बॉनेट उघडून त्यांनी गिअरबॉक्सची काडी ओढली, रुमालाने पुसली, परत घातली, परत ओढली. रुमालावर काहीच आलं नाही. टोकाला एक तपकिरी डाग, बस. त्यांनी ती काडी किती तरी वेळ हातात धरली होती. मग खिडकीपाशी जाऊन ते म्हणाले, "उतरा सगळ्या. एसटी मिळंल."

"आं? आणि आमी गुडघं घेऊन एसटीत चढायचं?"

"उतरा काकू."

त्यांनी ते इतक्या हळू सांगितलं की काकूही पुढे बोलल्या नाहीत. मात्र उतरताना माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "बाईच्या जातीनं गाडी आडवू न्हाई गं." मम्मी त्यांच्या हाताला धरून सगळ्यांना एसटीकडे घेऊन गेली.

फोन केल्यावर मिस्त्री मोटारसायकलवर तेलाचे डबे बांधून आले. तोपर्यंत आम्ही दोघं व्हॅनपाशी बसलो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणी विचारलं की पप्पा म्हणायचे, "वाट बघतोय माणसांची."

मिस्त्रींनी पुढे बॅटरीचा उजेड मारला, जाळीतून हात घातला आणि पक्कडीने काहीतरी कापलं. बाहेर आली ती लिंबू-मिरचीची तार. ती कूलरच्या नळीला दोन वेढे देऊन पिळलेली होती. चढावरच्या हादऱ्यांनी तारेने रबर कापलं होतं, चाकूने कापावं तसं.

"ही कुणी बांधली?"

पप्पा म्हणाले, "मी."

मिस्त्रींनी लिंबू तारेसकट बॉनेटवर ठेवलं. "हितं कशाला बांधली, मर्दा..." एवढंच म्हणाले. मग मी काट्याचं विचारलं. ते म्हणाले, तेलच पोचत नव्हतं तिथं, मग काटा गरम कशाचं दाखवणार? वाऱ्याचं दाखवत होता तो.

पप्पांनी हे ऐकलं. ते तबकडीकडे नाही, दुसरीकडे बघत होते.

नळी कापून, फाटका भाग टाकून, परत जोडली. लाल तेल भरलं. चावी फिरवली, लिव्हर डीला. आम्ही थांबलो. इंजिन एका लयीत चालू होतं आणि व्हॅन थांबलेली. मला वाटलं, संपलं सगळं. मग ती खेचली गेली.

मिस्त्री मोटारसायकलवर पुढे आणि आम्ही मागे, चालणाऱ्यांहून हळू डोंगर उतरलो. चालत आलेली माणसं आम्हाला मागे टाकत होती. ब्रेकचा वास येत होता. पप्पांच्या चेहऱ्यावरचा गुलाल घामाने ओला होऊन गळ्यापर्यंत उतरला होता आणि तो पुसायला त्यांनी स्टेअरिंगवरून हात काढला नाही. खाली सपाटीला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"वास आला," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले.

त्यानंतर व्हॅन चालू आहे. घाटाची गिऱ्हाइकं पप्पा घेत नाहीत. इचलकरंजी, हुपरी, जयसिंगपूर, सपाट रस्ते. गल्लीत काकू सांगतात की पोरीने देवाच्या दारात गाडी अडवली आणि तेव्हापासून गाडीला लागीर झालंय. मिस्त्री सांगतात, गिअरबॉक्सच्या आतल्या पट्ट्या तेलाशिवाय कोरड्या फिरल्या, किती झिजल्या ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडली तर परत बसवायला पार्ट नाही. म्हणून कुणी उघडत नाही.

मध्यंतरी साहेबांच्या घरून फोन आला. साहेब आता निवृत्त आहेत, मुलाला ओळखीचा ड्रायव्हर हवा आहे. पूर्वी असा फोन आला की पप्पा हसून नाही म्हणायचे. या वेळी ते गॅलरीत गेले आणि मला फक्त एक शब्द ऐकू आला, "बघू." मम्मी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि परत चालू झाला.

परवा हुपरीला जायचं होतं. एका घरातली लग्नाची खरेदी, पैंजण आणि जोडवी. नवरीकडच्या बायका मागे बसल्या, मी पुढे. मी हल्ली सुट्टीच्या दिवशी बरोबर जाते. कुणी सांगितलेलं नाही. पप्पांनी लिव्हर डीला टाकला.

काहीच झालं नाही.

मागे बायका कुणाच्या पैंजणांना किती घुंगरं असावीत यावर वाद घालत होत्या. पप्पांनी आरशात बघितलं, त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षात आलंय का ते. कुणाच्या आलं नव्हतं. त्यांचा हात लिव्हरवर तसाच होता. मी समोर काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. आदल्या आठवड्यापेक्षा हे थांबणं लांबलं होतं.

मग खालून आचका आला आणि व्हॅन निघाली.

"हाय अजून," पप्पा पुटपुटले. मला की स्वतःला, ते मी विचारलं नाही.